रोजचं एक काम, मन लावून: तुमचं कोणतं?

अनवट

आमच्या ऑफिसात सध्या शांतता विकत घ्यायची टूम आहे. एकाने वर्षाची वर्गणी भरून ध्यानाचं ॲप घेतलंय. ते त्याला दर तासाला श्वास घ्यायची आठवण करून देतं. दुसरी मोबाइलशिवाय राहायला मुळशीकडे जाऊन आली. आल्यावर त्या मोबाइलशिवायच्या मुक्कामाची रील पडली. (शूटिंग कोणी केलं, हे विचारायची हिंमत झाली नाही.)

माझं म्हणणं एवढंच, की समाधानाला वेगळी जागा, वेगळा वेळ आणि वेगळी फी लागत असेल तर ते सोमवारी सकाळी हडपसरच्या सिग्नलपर्यंतही टिकत नाही. जे काय सापडायचं ते रोजच्या कामातच सापडायला हवं. आपल्याकडे हे कुणी नव्याने सांगायला नको. सावतोबांनी मळा सोडला नाही. वारीला न जाता अरणलाच राहिले आणि भाजीच्या वाफ्यातच विठ्ठल बघितला. बाकी संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, सावतोबांना भेटायला मात्र पांडुरंगाची पालखी अरणला येते. जनाबाई जात्यावर, सेना महाराज धोकटी घेऊन, गोरोबाकाका चिखल तुडवताना. यातल्या कुणी रजा टाकली नव्हती.

मी रात्रीची भांडी घासायला घेतलीत. कानात काहीही न घालता. कढईच्या बुडाला लागलेला मसाला आणि मी, मध्ये तिसरं कुणी नाही. झोप बरी लागते, हा रोकडा फायदा.

तर प्रश्न दोन. तुमचं असं काम कोणतं? आणि नव्याचे नऊ दिवस संपल्यावर ते टिकतं का?

चिंगी_पुणे

पहिली! माझं काम चहा. मन लावलं तरी उतू जातो, काढलं तरी जातो. वाचतेय.

तिरकस_तात्या

गोरोबाकाकांचं उदाहरण जरा जपून द्या. भजनात इतके रंगले की पायाखालच्या चिखलात स्वतःचं मूल आलेलं कळलं नाही, अशी कथा आहे. हे कामात मन लावणं नव्हे, कामातून मन काढणं. तुम्ही सांगताय त्याच्या बरोब्बर उलट.

केळफूल

तात्या, पुढचंही सांगा ना. त्यांची बायको मुलावर लक्ष ठेवायला सांगून पाणी आणायला गेली होती. म्हणजे तल्लीन कोण झालं आणि घागर कुणाच्या डोक्यावर होती, ते बघा. मला या विषयात नेहमी हीच शंका येते.

आणि अनवट, भांडी घासायला घेतलीत हे छान, पण भांड्यांच्या मावशींचं काय? त्यांचा पगार कापला का?

अनवट

>> पगार कापला का?

नाही हो! मावशी सकाळी येतात, तशाच येतात, पगारही तोच. रात्रीची भांडी पूर्वी सिंकमध्ये त्यांची वाट बघत पडायची. ती आता मी उरकतो. त्यांना सकाळी अर्धा तास सुटतो.

तिरकस_तात्या

म्हणजे साधना तुम्ही करताय आणि समाधान मावशींना मिळतंय. सौदा वाईट नाही. (हलके घ्या.)

सांजवात

केळफूल, अगदी बोललीस.

आता माझं ऐका सगळे. लग्न झाल्यापासून रोज पोळ्या करतेय. कणीक सैलसर भिजवायची, तेलाचा हात लावून झाकून ठेवायची. घडीला आत तेल आणि वर चिमूटभर पिठी, नाहीतर पदर सुटत नाहीत. लाटताना मध्ये जोर नाही द्यायचा, कडेला द्यायचा. तवा तापलाय का ते पीठ भुरभुरवून बघायचं. पीठ लगेच काळं पडलं तर आच कमी. फुगायला लागली की कपड्याने वाफ हलकेच कडेला ढकलायची. यात लक्ष नसेल तर पोळी वातड होते नाहीतर मनगट भाजतं. म्हणजे माझं आयुष्य मन लावूनच चाललंय. "काकू, काय सुंदर साधना आहे तुमची" असं आजवर कुणी म्हणालं नाही. "आज जरा कडक झाल्यात" हे मात्र पहिल्या घासाला म्हणतात.

अनवट, तुम्ही भांडी घासलीत तर त्याचा धागा निघाला. रागावू नका, मुलासारखे आहात. फरक एवढाच, की तुम्हाला उद्या कंटाळा आला तर सोडून देता येईल.

मला विचारायचंच असेल तर हे विचारा, की ओटा पुसून झाल्यावर दुपारी दोन ते तीन मी काय करते. काही करत नाही. गॅलरीत बसते. समोर बदामाचं झाड आहे. त्या तासात कुणी चहा मागितला तर मी ओ देत नाही. समाधान म्हणाल तर ते तिथे आहे, पोळपाटावर नाही.

चिंगी_पुणे

काकू, दंडवत. या तासाची पाटी करून दाराला लावा.

केळफूल

सांजवातताईंच्या प्रतिसादाला +१०००.

अनवट

काकू, रागवायचं काय त्यात. सोडून देता येणं हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, पण तो खरा आहे. विचार करतोय.

वऱ्हाडी_ठेचा

म्या वर्ध्याचा, म्हणून या धाग्यावर बोलणं आलंच बाप्पा.

गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, ते गाव पुढे सेवाग्राम झालं. ते सगळ्यांना माहीत असते. पण या धाग्याच्या कामाची गोष्ट तिथून थोडी दूर, पवनारला धाम नदीच्या काठी आहे. १९५० मध्ये विनोबांनी तिथे कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशाच्या देणगीवर आश्रम चालवायचा नाही, स्वतः पिकवू ते खाऊ. बैलसुद्धा नाही लावायचे. विहिरीचा रहाट माणसांनी ओढायचा, शेत कुदळीने करायचं. मोठमोठे शिकलेले लोक रहाट ओढत. पुढल्याच वर्षी भूदान सुरू झालं आणि विनोबा जे पायी निघाले ते १९६४ लाच पवनारला परतले. म्हणजे साधं राहणं म्हणजे एका जागी बसणं, असंही नाही.

सांजवात काकूंचा मुद्दा पटला म्हणूनच पुढचं सांगतो. १९५९ मध्ये तिथेच ब्रह्मविद्या मंदिर निघालं, बायांसाठी. तिथल्या बहिणी सैपाक, झाडलोट, शेती पाळीपाळीने करतात. कुणी प्रमुख नाही, निर्णय सगळ्यांच्या एकमताने. काम तेच हो काकू, पोळ्या त्याच. पण "आज कडक झाल्यात" म्हणणाऱ्याची उद्या पाळी असते!

माझे बाबा रोज सकाळी पेटीचरख्यावर बसत. उजव्या हाताने चाक, डाव्या हातात कापसाचा पेळू. ओढ जास्त झाली की सूत तुटते, कमी झाली की गाठाळ येते. तुटलं की टोक पेळूला चिकटवून पुन्हा. आईशी खटका उडाला असला की त्या दिवशी सूत सारखं तुटे, आणि आई आतून म्हणे, "आज कापूस खराब आला वाटते!" बाबा काही बोलत नसत. मी बसतो कधी कधी. माझं सूत अजूनही विणायला कुणी घेणार नाही असं निघते.

भीमाकाठ

धागा चांगला चाललाय, पण आमच्या बाजूने एक सांगणं आहे.

साधेपणाचं कौतुक ज्याच्या वाट्याला निवड आली त्याला शोभतं. आमच्या आज्याकडे दोन सदरे होते, ते काही व्रत नव्हतं. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी बायकांना काय सांगितलं? स्वच्छ राहा, लुगडं नीट घोट्यापर्यंत नेसा, जात ओळखू येईल असे ते जुने दागिने अंगावर ठेवू नका. एकाने पंचा नेसून देशाला गरिबी दाखवली, दुसऱ्याने सूट घालून आपल्या माणसांना मान वर करायला लावली. दोघंही जे नेसले ते विचार करून नेसले. पण आमच्या घरात भिंतीवर सुटातला फोटो आहे आणि त्याला कारण आहे.

दुसरं. मन लावून जगण्याची सुरुवात तुम्ही सावतोबांपासून केलीत. त्याच्या कितीतरी आधीचं बुद्धाचं सतिपट्ठान सुत्त बघा. चालताना चालतोय हे जाणावं, खाताना, पिताना, वस्त्र नेसताना, बोलताना, गप्प असतानाही भान ठेवावं, असं त्यात सरळ सांगितलंय. आणि ते सांगणाऱ्याने स्वतः उपासमार करून पाहिली, बरगड्या दिसेपर्यंत. मग सुजातेची खीर घेतली. साधं राहणं म्हणजे हाल करून घेणं नव्हे, हे त्या खिरीच्या वाटीत आहे.

माझं रोजचं काम विचाराल तर पोरीला शाळेत जाण्याआधी बूट पॉलिश करून देणं. माझ्या शाळेत मी अनवाणी जायचो. ब्रश फिरवताना मला ॲपची आठवण लागत नाही.

अनवट

भीमाकाठ, प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. "निवड" हा शब्द काकूंनी दुसऱ्या दाराने आणला होता, तुम्ही पुढच्या दाराने आणलात.

वऱ्हाडी_ठेचा

>> दोघंही जे नेसले ते विचार करून नेसले

हे पटलं भाऊ. आमच्याकडे दोन्ही फोटो आहेत, त्यांचं जमत नाही म्हणून समोरासमोरच्या भिंतींवर लावलेत.

भीमाकाठ

हाहा. चर्चा चालू राहू द्या म्हणावं त्यांची.

वेंगुर्लेकर

तुम्ही लोक एवढा कशाक लिवतास? आमच्याकडे दुपारी बाजार बंद. माशे संपले की मावशी उठली. पेज जेवायची, पंख्याखाली आडवा पडायचा. पाऊस पडाक लागलो की पडवीत बसून बघायचो. ह्याका पुण्यात फी घेतत?

चिंगी_पुणे

घेतात. वर जीएसटी.

तिरकस_तात्या

वेंगुर्लेकर, तुमच्या गावातली अर्धी तरुण पोरं ही फी भरायला पैसे मिळावेत म्हणून मुंबईत नोकरी करतायत आणि गणपतीला पंख्याखाली आडवं पडायला कोकण रेल्वेचं वेटिंग तिकीट काढतायत. हे वर्तुळ कुठे सुरू होतं ते जरा सांगा.

वेंगुर्लेकर

ता खरा. माझो झील तेतूरच आसा. गप बसतंय.

नीलपक्षी

इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलंय, म्हणून थोडी भर. तिथे फी नाही. राहणं, जेवण सगळं आधीच्या साधकांच्या दानावर चालतं, आणि दान देता येतं तेही एक शिबिर पूर्ण केल्यावरच. पहाटे चारला घंटा. फोन पहिल्याच दिवशी जमा. मौन इतकं, की समोरच्याला खुणेनेही मीठ मागायचं नाही. नव्या साधकांना संध्याकाळी चहा आणि फळं वगैरे, त्यानंतर काही नाही.

मला ध्यानापेक्षा जेवण लक्षात राहिलं. बोलायचं नाही, बघायला स्क्रीन नाही, मग करणार काय? भाताचं शीत न् शीत कळायला लागतं. साध्या मुगाच्या आमटीत जिरं कुठे आहे ते कळतं. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच बातम्या बघत जेवलो आणि काय खाल्लं ते बायकोने विचारल्यावर आठवेना.

पण या धाग्यासाठी त्याहून कामाची गोष्ट वेगळी आहे. इगतपुरीचं हे धम्मगिरी केंद्र १९७६ पासूनचं. ते उभं करणारे गोएंकागुरुजी मूळचे ब्रह्मदेशात वाढलेले व्यापारी, १९६९ मध्ये भारतात आले. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे संन्यासी वगैरे नव्हते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे ते अकाउंटंट जनरल होते! सरकारी हिशेब तपासायचे, घरसंसार सांभाळायचे आणि आपल्याच कार्यालयातल्या लोकांना ध्यान शिकवायचे. फायली सोडून कुठे गेले नाहीत. मी बँकेत आहे, त्यामुळे हे ऐकून बरं वाटलं.

तिरकस_तात्या

तुमच्या बँकेत काउंटरवर गेलं की आम्हालाही मौन आणि प्रतीक्षा दोन्ही साधतात.

नीलपक्षी

तात्या, टोकन घ्या आणि बसा. :)

नेकारकाठ

स्टुटगार्टजवळून लिहितोय. आमच्या या भागात एक पद्धत आहे, केअरवोखं. इमारतीतल्या प्रत्येक घराची जिना आणि समोरचा भाग झाडण्याची आठवड्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक छोटी पाटी अडकवलेली असते. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दारावर. वरच्या मजल्यावर कारखान्यातले मोठे साहेब राहतात, तेही गुडघे टेकून पायरीचे कोपरे पुसतात. शेजारची म्हातारी आजी पायरीवरून बोट फिरवून बघते, तेव्हा चुकारपणा चालत नाही.

मी इथे येईपर्यंत आयुष्यात जिना झाडला नव्हता. भारतात तो "कुणीतरी" झाडायचा. त्या कुणीतरीला नाव होतं, आणि ते मला माहीत नव्हतं. वरच्या सगळ्या चर्चेत मला हेच खटकत होतं, की आपण साधं काम मन लावून करायला घेतो तेव्हा ते आधी कोण करत होतं? वऱ्हाडी_ठेचांनी पवनारच्या पाळीचं लिहिलं तेव्हा जिन्यावरची पाटी डोळ्यासमोर आली.

अवांतर: रविवारी इथे दुकानं बंद, ड्रिल मशीन बंद, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायलासुद्धा बंदी, आवाज होतो म्हणून. पहिलं वर्ष वेड लागायची पाळी आली. आता रविवारी सकाळी पोहे करतो, दडपे. नारळ मिळाला तर.

केळफूल

नेकारकाठ, सुंदर. आमच्या सोसायटीच्या सभेत ही पाळीची पद्धत सुचवू का?

तिरकस_तात्या

सुचवा. सभेचं इतिवृत्त इथे टाका. मी चिवडा घेऊन बसतो.

कासव

मूळ प्रश्नातलं दुसरं वाक्य सगळे विसरले. टिकतं का?

माझं उत्तर: नाही, आणि त्यात काही बिघडत नाही. मी बाग करतो. बाग म्हणजे गच्चीवर रंगाचे जुने डबे. सुरुवातीला रोज सकाळी अर्धा तास कसं प्रसन्न वाटायचं. मग मिलीबग आले. पांढरा कापूस जास्वंदीच्या प्रत्येक बेचक्यात. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पानं पुसायची, पुन्हा चार दिवसांनी पुसायची. यात प्रसन्न वगैरे काही वाटत नाही, कंटाळा येतो. डोक्यात ऑफिसचीच भांडणं चालू असतात. तरी पुसतो, कारण नाही पुसलं तर झाड जातं. समाधान हवं म्हणून काम करायला गेलं की ते मिळतंय का हे बघण्यातच लक्ष जातं. झाडासाठी पुसलं की कधीकधी चुकून मिळतं. सांजवातताईंच्या पोळ्या जशा खाणाऱ्यांसाठी होतात. फक्त त्यांना दोन ते तीनचा तास लागतो, तसा बागेला पावसाळा. जुलैत मी गच्चीवर जातच नाही.

सांजवात

कासव, छान लिहिलंत. फक्त एक दुरुस्ती. पोळ्या खाणाऱ्यांसाठी होतात हे खरं, पण रविवारी होत नाहीत. हा धागा मी घरी जेवताना वाचून दाखवला. वर्ध्याच्या पाळीपर्यंत आल्यावर सगळे गप्प झाले. आता रविवारी मुलगा भाकरी करतो. थापताना परातीत चिकटते, मग तो तिला धिरडं म्हणतो. मी स्वयंपाकघरात जात नाही. "आज जरा कडक झाली" असं मी म्हटलं. फार बरं वाटलं.

भीमाकाठ

ताई, जिंकलात.

वऱ्हाडी_ठेचा

काकू, मुलाले सांगा, पीठ भिजवताना पाणी कडक गरम घे. आन ज्वारी नवी हवी, जुन्या पिठाची भाकर तुटतेच.

अनवट

माझी खबर: चालू आहे, पण रोज नाही. मटण असलं की कढई मावशींसाठी ठेवतो. सोडून देता येण्याची सवलत वापरतोय, काकू. आणि मावशींचं नाव, गाव, मुलं हे सगळं मला आता माहीत आहे, नेकारकाठ यांच्या प्रतिसादानंतर विचारलं.

चिंगी_पुणे

भांड्यांवरून आठवलं. हा धागा वाचून आजीची पितळी पातेली माळ्यावरून काढली. आत कल्हई पार उडालीय. आमटी ठेवायला भीती वाटते. कल्हईवाले आता कुठे भेटतात? आमच्या गल्लीत पूर्वी सायकलवर यायचे.

केळफूल

कल्हई नसेल तर आंबट अजिबात ठेवू नकोस, कळकतं. कसब्यात तांबट आळीत चौकशी कर. आणि भांडं देऊन निघून येऊ नकोस, उभी राहून बघ. भट्टीवर भांडं तापवतात, नवसागर टाकला की पांढरा धूर निघतो. मग कथिलाची कांडी टेकवतात आणि ती वितळली की कापसाच्या बोळ्याने एका दमात सगळीकडे फिरवतात. हात थांबला की डाग राहतो. नवसागराचा वास नाकात बसतो, पण लहानपणीचा आहे तो.

चिंगी_पुणे

वा, शनिवारी जाते. तिकडे पार्किंग मिळतं का?

तिरकस_तात्या

कसब्यात? शनिवारी? तुमच्या साधनेला शुभेच्छा.